जेवताना गुरगुरणारा कुत्रा

बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. काही दिवस सांभाळायला आणलेला कुत्रा जेवताना गुरगुरला, तर त्याला मारू नका. अन्न हिसकावले जाईल, ही त्याची भीती असते. माराने गुरगुरणे थांबेल, भीती नाही. मग तो इशारा न देताच चावेल.

आम्ही वस्तीत सांगतो: त्याला कोपऱ्यात एकटे खाऊ द्या, लहान मुले लांब ठेवा, भांडे ओढू नका. लांबूनच उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकत जा. माणूस आला की मिळते, हे त्याला हळूहळू कळते.

चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा, लसीचे सर्व डोस घ्या. रेबीजची लक्षणे दिसल्यावर जीव वाचवणे जवळजवळ अशक्य असते.