सकाळची न्याहारी : ओटची लापशी आणि ज्वारीच्या कण्या

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, ताप्तीच्या खोऱ्यात व सातपुड्याच्या पायथ्याशी तुकईथड हे गाव वसलेले आहे. खंडवा-अकोला या जुन्या मीटरगेज लोहमार्गावरील स्थानक म्हणून ते परिचित होते. महाराष्ट्रातील मेळघाट येथून दूर नाही. मराठी, निमाडी, हिंदी व कोरकू या चारही भाषा या भागात कानी पडतात. भाषा निरनिराळ्या असल्या तरी येथील श्रमजीवी घरांतील सकाळ बहुधा सारखीच असते. उजाडताच बिनदुधाचा किंवा नावापुरते दूध असलेला चहा होतो, त्यासोबत एखादे बिस्कीट किंवा टोस्ट मिळते आणि मोठी माणसे शेताची वाट धरतात. मुले शाळेत जातात. शाळेतील दुपारचा आहार मिळेपर्यंत त्यांच्या पोटात तेवढेच असते. पाढे म्हणताना पेंगणारे मूल आळशी नसून उपाशी आहे, हे अनुभवी शिक्षकाच्या चटकन ध्यानात येते.

सकाळच्या न्याहारीचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. अलीकडे त्यावर उपाय म्हणून ओटच्या लापशीचे नाव सर्वत्र घेतले जाते. शहरातील दुकानांत तिची पाकिटे रचलेली दिसतात आणि खेड्यांतही ती पोहोचू लागली आहेत. तेव्हा ही वस्तू आहे तरी काय, तिचे गुण कोणते आणि ते आपल्या घरच्या धान्यात आहेत की नाहीत, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

ओट म्हणजे या भागातील हिंदी भाषक शेतकऱ्यांची जई. जव किंवा सातू हे धान्य वेगळे. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. जई रब्बीत, थंड हवेत येते व मध्य प्रदेशात ती मुख्यत्वे दुभत्या जनावरांच्या हिरव्या वैरणीसाठी पेरली जाते. जे धान्य गुरांसाठी पेरावयाचे तेच माणसांनी पाकीट फोडून खावयाचे, याचे काहींना हसू येईल. परंतु यात नवल असे काही नाही. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज पंडिताने १७५५ च्या आपल्या शब्दकोशात, हे धान्य इंग्लंडात घोड्यांचे व स्कॉटलंडात माणसांचे खाद्य असल्याची थट्टा केली होती. स्कॉटलंडच्या थंड, पावसाळी डोंगराळ मुलुखात गहू नीट पिकत नसे, ओट मात्र पिकत असे. तेव्हा तेथील गरीब माणसाने ओट भरडला, पाण्यात शिजवला, मीठ घातले आणि त्यावर तो कामाला गेला. आज ज्या लापशीचा एवढा बोलबाला आहे ती मुळात अशी डोंगरी शेतकऱ्याची न्याहारी होती.

ओटचे गुण नाकारण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम ओटमध्ये सुमारे १३ ते १४ ग्रॅम प्रथिने व सुमारे ७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. त्यातील 'बीटा-ग्लुकन' नावाचा, पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा तंतू रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्य करतो. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास हा लाभ संभवतो, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्य केले. हृदयविकाराचा धोका असलेल्या प्रौढ माणसाला वैद्याने ओट सांगितला तर तो त्याने अवश्य घ्यावा. मात्र वाढत्या वयाच्या मुलाची गरज निराळी असते. त्याला पोटभर उष्मांक, चांगली प्रथिने व लोह हवे असते.

घरच्या शेतात जई पेरून तिची लापशी करावी, असे कोणाला सुचेल. पण ते सोपे नाही. ओटच्या दाण्यावरील साल घट्ट असते व गावच्या चक्कीवर ती निघत नाही. शिवाय त्यात स्निग्धांश अधिक असल्याने दाणा भरडताच तो खवट होऊ लागतो. कारखान्यात म्हणूनच साल काढून दाणे वाफवितात आणि मग रुळांखाली चपटे करतात. या प्रक्रियेचा, पाकिटाचा, वाहतुकीचा व जाहिरातीचा खर्च अखेर गिऱ्हाइकावरच पडतो. फळांच्या वासाच्या व मसाल्याच्या झटपट पाकिटांत तर साखर किंवा मीठही बरेच असते.

आता ज्वारीकडे वळू. राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद हिच्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, सुमारे १० ग्रॅम तंतू व जवळजवळ ४ मिलिग्रॅम लोह असते. तंतू आणि लोह या दोन बाबतींत ज्वारी ओटच्या जवळपास येते. प्रथिनांत ती थोडी उणी आहे, आणि स्निग्धांश कमी असल्याने तिचा भरडा मात्र अधिक टिकतो. ओटमधील विशिष्ट तंतू तिच्यात त्या प्रमाणात नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ज्वारीची खरी उणीव दुसरीकडे आहे. जवळजवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या दख्खनमधील गरीब कुटुंबांत एके काळी 'पेलाग्रा' हा रोग आढळत असे. अंगाच्या उघड्या भागावरील कातडी काळवंडते व खरखरीत होते, जुलाब लागतात, मनःस्थिती बिघडते. डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या घटकाच्या आधिक्याशी जोडला. ल्युसीनमुळे नायासिन या जीवनसत्त्वाच्या उपयोगात अडथळा येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिवाय लायसीन हा प्रथिनांतील आवश्यक घटक ज्वारीत कमी व डाळीत भरपूर असतो. ज्वारीला डाळीची जोड आणि नायासिनने समृद्ध अशा शेंगदाण्याची साथ मिळाली की ही उणीव पुष्कळशी भरून निघते. बुऱ्हाणपूरला लागून असलेल्या खानदेशात ज्वारीत उडीद मिसळून कळण्याची भाकरी करतात. ती करणाऱ्या बायकांनी ल्युसीनचे नाव ऐकले नव्हते. जोड मात्र बिनचूक निवडली होती.

पाच माणसांच्या न्याहारीसाठी पाव किलो कण्या, ७५ ग्रॅम मूगडाळ व ५० ग्रॅम शेंगदाणे पुरेसे होतात. ज्वारीला पाण्याचा हात लावून ती उखळात हलकेच कांडावी, कोंडा पाखडावा, सावलीत सुकवून जात्यावर किंवा चक्कीवर जाडसर भरडावी. पीठ चाळून भाकरीसाठी ठेवावे व कण्या वेगळ्या कराव्यात. रात्री त्या पाण्यात भिजत टाकल्या म्हणजे सकाळी लवकर शिजतात व सरपणाची बचत होते. कण्यांच्या सहापट पाणी उकळून त्यात कण्या व डाळ घालावी, झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होऊ द्यावे, अधूनमधून ढवळावे. उतरविताना मीठ, जिरे व भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट घालावा. शेवग्याचा पाला हाताशी असेल तर तोही पडावा. मुलांना गोड हवे असल्यास मिठाऐवजी थोडा गूळ चालतो. घरात ताक असेल तर प्रश्नच मिटला.

या न्याहारीतून दर माणशी सुमारे ११ ग्रॅम प्रथिने व २८० च्या आसपास उष्मांक मिळतात. पाण्यात शिजविलेल्या ४० ग्रॅम ओटमधून सुमारे साडेपाच ग्रॅम प्रथिने व १५० उष्मांक मिळतात. ओटमध्ये दूध घातल्यास हे आकडे अर्थातच वाढतात, पण मग दुधाचाही पैसा हिशेबात धरावा लागतो. खर्चाचे म्हणाल तर २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने संकरित ज्वारीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ३३७१ रुपये ठरविली होती. त्या भावाने पाव किलो ज्वारीचे साडेआठ रुपयेसुद्धा होत नाहीत. बाजारभाव चढउतार करतात, तरीही पाकीटबंद ओटचा किलोचा भाव ज्वारीच्या कितीतरी पट पडतो. दुकानदाराकडे चौकशी करून हा हिशेब कोणालाही घरी मांडता येईल.

अडचण एकच आहे आणि ती लहान नाही. निमाड व वऱ्हाड या दोन्ही भागांत सोयाबीन व कपाशीने ज्वारीची जागा घेतली आहे. रेशनवर मुख्यतः गहू व तांदूळ मिळतो. पाखरांच्या त्रासामुळे एकट्यादुकट्या शेतकऱ्याला ज्वारी राखणे परवडत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी लागून असलेल्या पट्ट्यांत ती पेरली तर राखणही वाटून घेता येते आणि गुरांना कडबाही मिळतो. ज्यांच्या घरी ज्वारी मुळीच नाही त्यांनी गव्हाचा दलिया याच रीतीने, डाळ व दाणे घालून, शिजवावा.

चहाविषयी एक सूचना करणे आवश्यक आहे. चहा जेवणासोबत घेतल्याने अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो. तो न्याहारीनंतर तासाभराने घ्यावा. मुलांना देऊच नये. उलट लिंबाची फोड किंवा आवळा सोबत असल्यास लोह अधिक शोषले जाते.

उन्हाळ्यात कण्यांऐवजी आंबील करावी. ज्वारीचे पीठ रात्री ताकात कालवून ठेवावे व सकाळी पाणी घालून शिजवावे. आंबविल्यामुळे धान्यातील लोहाला बांधून ठेवणारे फायटेट कमी होते. भांडे मातीचे किंवा स्टीलचे घ्यावे; पितळेचे असल्यास त्याची कल्हई शाबूत आहे, हे आधी पाहून घ्यावे. कडक उन्हाळ्यात एका रात्रीपेक्षा अधिक काळ पीठ आंबवू नये आणि शिजविलेली आंबील त्याच दिवशी संपवावी.