उद्यानातील शिक्र्याचे घरटे : एक निरीक्षणपाठ

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. याच दिवसांत महाराजबाग, सेमिनरी हिल्स यांसारख्या जुन्या झाडीच्या परिसरात फिरणाऱ्यांनी शिक्रा या शिकारी पक्ष्याकडे अवश्य लक्ष द्यावे. कारण हा त्याच्या विणीचा काळ होय.

शिक्रा साधारणतः कबुतराएवढा असतो. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा आणि मादी नराहून मोठी. घार आकाशात घिरट्या घालते. शिक्रा पानांआड दबा धरून बसतो व भक्ष्यावर अचानक झडप घालतो. ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावशा दिसण्यात शिक्र्यासारखाच असल्याने नवख्याची फसगत होते. मात्र पावशा स्वतः घरटे बांधीत नाही. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो.

शिक्र्याची वीण मुख्यतः मार्च ते जून या काळात होते. नर व मादी मिळून उंच झाडावर, कावळ्याच्या घरट्यासारखे, काटक्यांचे ओबडधोबड घरटे रचतात. मादी बहुधा ३ ते ४ अंडी घालते. सुमारे तीन आठवडे ती अंडी उबवते आणि नर तिला अन्न पुरवतो. सरडे, पाली, उंदीर, मोठे कीटक व लहान पक्षी हे त्यांचे भक्ष्य. पिले प्रथम पांढऱ्या लवीने झाकलेली असतात. कडक उन्हात मादी पंख पसरून त्यांच्यावर सावली धरते. सुमारे महिनाभरात पिले फांद्यांवर उतरतात; तथापि शिकार साधेपर्यंत त्यांची भिस्त आईबापांवरच असते.

नेमक्या याच काळात पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी सुरू होते. वीजतारांना लागणाऱ्या फांद्या काढणे आवश्यकच आहे. परंतु एक फांदी पाडल्याने एका जोडप्याची वर्षभराची वीण नष्ट होऊ शकते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे, ही बाब संबंधितांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

यावर उपाय साधा आहे. करवत चालविण्यापूर्वी झाडाखाली दहा मिनिटे थांबावे. बुंध्याशी विष्ठेचे पांढरे शिंतोडे, विखुरलेली पिसे, वर सतत चाललेली कर्कश साद या घरट्याच्या खुणा होत. घरटे आढळल्यास तेवढ्या झाडाची छाटणी पिले उडून जाईपर्यंत पुढे ढकलावी. फांदी धोकादायक असेल तर प्रथम वन विभागाचा सल्ला घ्यावा.

शिक्षकांनी उन्हाळी सुटीत विद्यार्थ्यांना दुरून निरीक्षण करण्यास सांगावे. झाडावर चढू नये, छायाचित्रासाठी पाने बाजूला सारू नयेत. घरटे केव्हा दिसले, नराने काय आणले, पिले केव्हा उडाली, एवढे तारीखवार लिहिले तरी पुरे. ग्रामपंचायतींना अशा नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीसाठी उपयोगी पडतील. पुढील वर्षी छाटणीचे वेळापत्रक आखताना हीच वही समोर ठेवली, तर कोणत्या झाडाला हात लावण्यापूर्वी थांबावयाचे, हे आधीच ठाऊक असेल.