क्लिक... पाण्याखाली!

आपल्या हॉस्टेलमध्ये कुणी नवीन कॅमेरा किंवा फोन आणला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मेगापिक्सेल किती?" फर्स्ट इयरला मीही हाच प्रश्न विचारत होते. आता विचारत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

फर्स्ट इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करायचं ठरलं. मी रूममेटचा नवा कोरा फोन मागून घेतला, काही शे रुपयांच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये टाकला, चाप लावला आणि गळ्यात अडकवून पाण्यात उतरले. होडीवाले काका हसून म्हणाले, "गो बाय, तू मासे बघूक इलंस की फोटो काढूक?" मी म्हटलं, दोन्ही! वीस मिनिटांनी वर आले तेव्हा पाऊचमध्ये अर्धी वाटी समुद्र होता. फोटो एकही नाही, आणि फोन कायमचा गेला. रूममेटने पैसे एकदाही मागितले नाहीत, आणि तेच जास्त टोचत होतं. दोन सेमिस्टर शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी ते फेडले. त्या काळात एकच विषय मनापासून अभ्यासला, तो सिलॅबसमध्ये नव्हता. पाण्याखाली कॅमेऱ्याचं नेमकं काय होतं?

पहिला पेपर : दाब

समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एक ॲटमॉस्फिअर दाब वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ १ किलो. कॅमेऱ्याची मागची बाजू १० सेंटीमीटर बाय ६ सेंटीमीटर धरा. क्षेत्रफळ ६०. म्हणजे १० मीटरवर त्या एका बाजूवर ६० किलो वजन, एखादा हॉस्टेलाइट तिच्यावर उभा राहिल्यासारखं! हे सगळं बाहेर थोपवायचं काम एक बारीकशी रबरी रिंग करत असते.

"पण माझा फोन आयपी ६८ आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी खास सूचना. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते, आणि किती खोल, किती वेळ, हे कंपनीच ठरवते. बऱ्याच आयफोनना ६ मीटर आणि ३० मिनिटं असं रेटिंग आहे, पण पाण्याने झालेलं नुकसान त्यांच्या साध्या वॉरंटीत बसत नाही. समुद्रात मीठ असतं, लाटा असतात, वाळू असते. शिवाय टचस्क्रीन पाण्यात धड चालत नाही, कारण पाणी स्वतःच विजेचं वाहक आहे. स्क्रीनला बोट कुठे आणि पाणी कुठे, हे कळत नाही. तेव्हा फोन पावसापुरता ठीक, समुद्रासाठी नाही.

दुसरा पेपर : रंग

हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाणी सगळे रंग सारखे शोषत नाही. लाल सर्वात आधी जातो, मग नारिंगी, मग पिवळा. म्हणून पाण्याखालचे फोटो निळे-हिरवे येतात. कॅमेरा बिचारा निर्दोष असतो.

थोडं गणित करू. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी शुद्ध पाण्याचा शोषण गुणांक मीटरला सुमारे ०.३४ आहे. समजा मासा ५ मीटर खोल आहे आणि तुम्ही त्याच्यापासून १ मीटरवर. उजेडाचा प्रवास वरून खाली ५ आणि माशापासून कॅमेऱ्यापर्यंत १, एकूण ६ मीटर. बिअर-लॅम्बर्टच्या नियमाने लाल उरला फक्त १३ टक्के. आता ३० सेंटीमीटरवर जा आणि छोटा टॉर्च लावा. टॉर्चच्या उजेडाचा प्रवास जाऊन-येऊन ६० सेंटीमीटर. लाल उरला ८२ टक्के! कॅमेरा तोच, मासा तोच. आपल्या समुद्राचं पाणी तर शुद्धही नसतं. त्यात गाळ असतो, प्लवक असतात, त्यामुळे लांबचा फोटो आणखीनच धुरकट होतो.

म्हणजे फोटो बिघडवतं ते कॅमेरा आणि मासा यांच्यामधलं पाणी. ते कमी करायचं, हा एकच नियम. कॅमेरा निवडताना मेगापिक्सेल नाही, तर "हा मला किती जवळ जाऊ देईल?" हे विचारायचं.

नंतर कॉम्प्युटरवर रंग दुरुस्त करता येतात, पण जो लाल सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तो कुठून आणणार? गेन वाढवला की नॉइजही वाढतो, हे ईएनटीसीवाल्यांना मी सांगायला नको. लाल फिल्टरबद्दलही गैरसमज आहे. तो लाल रंग घालत नाही, निळा आणि हिरवा कमी करतो. म्हणजे आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी होतो. चार-पाच मीटरवर, भर उन्हात त्याचा उपयोग होतो. टॉर्च लावला की मात्र तो काढून ठेवावा.

तिसरा पेपर : काच

मास्कमधून किंवा कॅमेऱ्याच्या सपाट काचेतून पाहताना वक्रीभवनामुळे वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते. त्यामुळे लेन्स जमिनीवर जेवढं दृश्य टिपते त्यापेक्षा पाण्यात कमी टिपते. झूम पाण्यात फारसा उपयोगाचा नाही, कारण झूम म्हणजे मधलं पाणीसुद्धा झूम! लेन्स वाइड हवी.

मग घ्यायचं काय?

कमी खर्चात पहिल्या कॅमेऱ्यासाठी मला तीन रस्ते दिसले.

एक, ॲक्शन कॅमेरा. गोप्रोचे गेल्या काही वर्षांतले हिरो ब्लॅक मॉडेल केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात आणि वेगळी केस लावली की ६० मीटरपर्यंत. लेन्स वाइड, व्हिडिओ उत्तम, वापर सोपा. पण फोकस फिक्स असतो. एक फुटाच्या आत आलेली वस्तू धूसर दिसते, आणि फ्लॅश नाही. मित्रमंडळी, माशांचे थवे, खडकांचे कोपरे टिपायचे असतील तर हा.

दोन, टफ कॉम्पॅक्ट. २०१९ चा ऑलिंपस टीजी-६ आणि त्याचा धाकटा भाऊ, २०२३ चा ओएम सिस्टम टीजी-७. दोन्ही १५ मीटरपर्यंत चालतात, मेगापिक्सेल फक्त १२, आणि तरी मला सगळ्यात जास्त मोह यांचाच झाला. कारण लेन्सपासून १ सेंटीमीटरवर असलेली वस्तूही हे स्पष्ट टिपतात. मधलं पाणी जवळजवळ शून्य! बारीक खेकडे, शंख-शिंपले, इवल्याशा माशांचे डोळे टिपायचे असतील तर हाच. फोटो रॉ फाइलमध्येही साठवतो. फक्त स्वतःचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने पाण्यातले कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा टॉर्च बाजूने धरावा.

तीन, घरात असलेल्या कॅमेऱ्याला केस घेणं. ऐकायला स्वस्त वाटतं. पण केस प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि कित्येकदा कॅमेऱ्याइतकीच महाग पडते. कॅमेरा बिघडला की केसही बाद. पहिल्या खरेदीला मी हा रस्ता सुचवणार नाही.

माझं बजेट होतं बारा हजार. टीजी परवडण्यासारखा नव्हता. शेवटी एका सीनियरकडून २०१८ चा गोप्रो हिरो ७ ब्लॅक नऊ हजारांना घेतला, केससकट. उरलेल्या पैशांत डायव्हिंगचा छोटा टॉर्च आणि मनगटाला बांधायची दोरी. जुना कॅमेरा घेताना तीन गोष्टी पाहा. दाराची रबरी कड चिरलेली नाही ना, बॅटरी फुगलेली नाही ना, आणि चार्जिंगच्या खाचेत हिरवट-पांढरा थर नाही ना. थर असला तर समुद्र आत एकदा येऊन गेला आहे असं समजा.

प्रॅक्टिकल

रबरी रिंगवर एक केस किंवा वाळूचा एक कण बसला तरी पाणी वाट काढतं. म्हणून प्रत्येक वेळी रिंग बोटाने तपासावी. कंपनीने सांगितलं असेल तरच, आणि त्यांनी सांगितलेलंच ग्रीस लावावं. आमच्या विंगमध्ये सुचवलेलं खोबरेल तेल आणि व्हॅसलिन दोन्ही बाद! नवी-जुनी कुठलीही केस पहिल्यांदा रिकामी, आत टिश्यू पेपर घालून पाण्यात न्यावी. आधी बादलीत, मग प्रत्यक्ष डाइव्हला. टिश्यू कोरडा आला तरच कॅमेरा आत जाईल. केस बोटीवरच्या दमट हवेत बंद करू नका. आतली हवा पाण्यात थंड होते आणि काचेवर बाष्प धरतं. खोलीतच बंद करा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. वर आल्यावर अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून बटणं दाबत राहा, पुसा, आणि मगच उघडा.

आणि सगळ्यात शेवटी

कॅमेरा घेऊन मी पुन्हा तारकर्लीला गेले तेव्हा ट्रेनरनी पहिल्या डाइव्हला तो काठावरच ठेवायला लावला. मला राग आला. पाण्यात गेल्यावर कारण कळलं. मला धड एका जागी तरंगतासुद्धा येत नव्हतं, एकदा तर माझा फिन खडकावर आपटला. हातात कॅमेरा असता तर मी स्क्रीनकडे बघत कशावर तरी पाय रोवला असता. पाण्यातला तो "खडक" पुष्कळदा प्रवाळ असतो, म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. माझा नियम "जवळ जा" असा आहे खरा, पण आधी तरंगायला शिकून. नाहीतर फोटोसाठी ज्याच्या जवळ गेलो त्याचीच मोडतोड करून यायचो.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा मिळाला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या एका माशापासून फूटभर अंतरावर मी श्वास सांभाळत थांबले. टॉर्च बाजूने धरला आणि एकदाच क्लिक केलं. फोटो थोडा तिरका आलाय, शेपटी कापली गेलीय. पण पिवळा रंग पिवळाच आहे!

त्याची प्रिंट काढून रूममेटला दिली. तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. पुढच्या सुट्टीत ती बरोबर येणार आहे, तिचा फोन मात्र खोलीतच राहील.