आकडा लागला का रे?

गौरी-गणपतीत पत्ते न कुटणारं घर आपल्या पेण-रोह्याकडे शोधूनच काढावं लागेल. रात्र जागवायची म्हणून रमी नाहीतर तीन पत्ती, पाच-दहा रुपयांचे डाव. विसर्जन झालं की पत्ते माळ्यावर. मग मित्रांनो, यात आणि मटक्यात फरक काय?

मटक्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव काय येईल यावर मुंबईत पैसे लागायचे. ते थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. कापूस गेला, पण ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले.

आता थोडं गणित, आपली शाखाच ती! ० ते ९ पैकी एक आकडा लावायचा. लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे सरासरीने दर फेरीला १०० चे ९० उरतात. १००० रुपये घेऊन, हातात उरेल ते सगळं पुन्हा लावत २० फेऱ्या केल्या तर सरासरी हिशोब १२२ रुपयांवर येतो. आठवड्यातून एकदा खेळलं तर या २० फेऱ्यांना पाच महिने लागतात. ओपन-क्लोज धरून रोज दोनदा खेळलं तर दहा दिवस. आणि मोबाईलवर? चहा गार व्हायच्या आत!

माझ्या मते सगळी गोम या वेगात आहे. पैसे लावणं आणि निकाल यात वेळ असला की डोकं थंड होतं, घरचे विचारतात, खिसा रिकामा असतो. वेळच नसला की फीडबॅक लूप सुटतो. त्यात ‘फक्त एकाने हुकला’ असं झालं की माणूस हरल्यासारखा थांबत नाही, जिंकत आल्यासारखा पुन्हा लावतो.

गंमत म्हणजे कायद्याला हे आधीच कळलेलं आहे. महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली, तेव्हा ‘सरकारी तो जुगार नाही का?’ हा प्रश्न रास्तच. पण १९९८ चा केंद्राचा लॉटरी कायदा सांगतो की एका लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत नको आणि एका अंकावर बक्षीस नको. म्हणजे नेमकं मटक्याचं मर्मच काढून टाकलं. जुगाराला परवानगी द्यायचीच तर ती अशी, हळू चालणाऱ्यालाच.

‘बंदीने काय होतं, मटका थांबला का?’ असं तुम्ही म्हणाल. खरंय, १८८७ चा जुगारबंदी कायदा असूनही मटका वाढलाच. पण त्या कायद्यात अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यालाही शिक्षा आहे. मग व्यसन लागलेला माणूस मदत मागेल कशाला? तो कर्ज लपवणार, बायकोचे दागिने गहाण टाकणार, आणि घरी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हा बदल मला बंदीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजारच म्हणते. हॉस्टेलवर कोणी सारखा उसने मागत असेल तर आधी जवळ बसून विचारा. सरकारच्या ‘टेलि मानस’चा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.