रक्त पडते, ते आवेचेच का?

आषाढात मावळात भाताची लावणी असते. अशा दिवसांत कुणाला शौचावाटे रक्त पडले, की आपण म्हणतो, "आव झाली. कुड्याची साल घे, बरं वाटेल." साधी आव दवाखान्याच्या औषधाने थोड्या दिवसांत बरी होते. पण रक्त आठवडे न् आठवडे पडत राहिले, तर आजार दुसरा असू शकतो.

डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. यात मोठ्या आतड्याला आतून सूज येते व व्रण पडतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. करणीनेही होत नाही. तो कधी दबतो, कधी उसळतो. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तो होता. औषधे घेत त्यांनी अनेक वर्षे राज्यकारभार केला. २०२० साली आजार पुन्हा उसळला, तेव्हा त्यांनी पद सोडले.

आजार बळावला हे कसे ओळखावे? ट्रूलव्ह व विट्स या इंग्लंडातील डॉक्टरांनी १९५५ साली खुणा सांगितल्या. त्या आजही चालतात. दिवसात ६ किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच होते. त्याबरोबर ताप येतो, नाडी मिनिटाला ९० च्या वर जाते किंवा अंगातले रक्त कमी होते. असे दिसले, की त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

पोट फुगून ताठ झाले, तर एक तासही दवडू नये. आतडे फाटले तर जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करावा. नाणे मावळातून किंवा आंदर मावळातून पुणे दूर आहे. म्हणून उजाडण्याची वाट पाहू नये.

रुग्णालयात शिरेतून स्टेरॉइड देतात. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, तर आणखी जोरकस औषध देतात, नाही तर मोठे आतडे काढतात. मग पोटावर वाट करून पिशवी लावतात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यावर ही वेळ आली. तो म्हणाला, "गुरुजी, पिशवी लावून जगायचं कसं?" आम्ही म्हणालो, "बाळा, आधी जग तर!" पुढल्या आषाढात तो बांधावर उभा राहून लावणी करवून घेत होता.

तर मंडळी, जुलाब थांबवण्याच्या वा अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. चालू औषध मनाने सोडू नका. लाज धरू नका. डॉक्टरांना रक्ताचे स्पष्ट सांगा.

प्रश्न : कोणत्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे?