वेण्णारकाठची पायरी

तंजावर,
भाद्रपद वद्य नवमी

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र पोहोचले. दसऱ्यानंतर शिक्षणासाठी तू आमच्याकडे राहावयास येणार, हे वाचून घरात सर्वांस आनंद झाला. निसर्गनिरीक्षणास आरंभ करावयाचा तर प्रथम कोणते ग्रंथ वाचावेत, असे तू विचारले आहेस. ग्रंथ मी अवश्य सुचवीन. परंतु तत्पूर्वी वेण्णार नदीच्या घाटावरील एक पायरी तुझ्या हवाली करावयाची आहे. गेली चाळीस वर्षे सूर्योदयाच्या सुमारास मी त्या एकाच पायरीवर बसत आलो. आता गुडघे घाट उतरू देत नाहीत, आणि ती जागा रिकामी राहू नये एवढीच माझी इच्छा आहे.

ज्याला ऋतू पाहावयाचे आहेत त्याने स्थळ बदलू नये. कारण आज येथे आणि उद्या तेथे बसणाऱ्यास जो फरक दिसतो तो काळाचा की जागेचा, याचा निवाडा त्याला कधीच करता येत नाही. आपल्या घाटावर तर मोजमापाची सोय आयतीच आहे: पाण्याबाहेर किती पायऱ्या उरल्या हे रोज मोजावे, म्हणजे नदीचा जमाखर्च आपोआप वहीत उतरतो.

व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास येथे राज्य स्थापिले, तेव्हापासून आपली मराठी घराणी या मुलुखात नांदत आहेत. पण पंचांगाबरोबर ऋतूंच्या ज्या कल्पना महाराष्ट्रातून आल्या, त्या पिढ्यानपिढ्या तशाच चालत राहिल्या, आणि आषाढ-श्रावण म्हणजे पर्जन्यकाळ हे आपण न पाहताच मानीत आलो. मी तुझ्या वयाचा असताना ‘आषाढ, पर्जन्यामुळे नदीस पूर’ अशी नोंद करून ती मोठ्या अभिमानाने आजोबांस दाखविली होती. त्यांनी वही मिटली, मला अंगणात नेले आणि तुळशीवृंदावनाजवळची माती हातात घ्यावयास सांगितली. ती भुकटीसारखी कोरडी होती. “नदी भरली हे तू पाहिलेस, पाऊस कोठे पाहिलास?” एवढेच ते म्हणाले.

त्या एका प्रश्नाने मला जे शिकविले ते पुढे कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. ते पाणी तंजावरच्या आकाशातून पडलेले नव्हते; कोडगूच्या डोंगरांत, कावेरीच्या उगमाकडे, नैर्ऋत्येच्या वाऱ्यांनी जो पाऊस पाडला त्याचे ते पाणी, मेट्टूरच्या धरणातून सुटून, कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्याशी विभागून, वेण्णारेच्या वाटेने आपल्या घाटाशी आले होते. १९३४ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडावयाचे आणि २८ जानेवारीस मिटावयाचे असा रिवाज आहे, मात्र पाणी कमी असलेल्या वर्षी तो पाळता येत नाही. तमिळ पंचांगातील आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी येथील स्त्रिया नदीची पूजा करून चित्रान्नाचा नैवेद्य दाखवितात, तेव्हा माथ्यावर बहुधा ऊनच असते. येथील खरा पाऊस ईशान्येकडून, ऐप्पसि आणि कार्तिकै महिन्यांत येतो. म्हणजे महाराष्ट्रातील आपले आप्त दिवाळीचे आकाशकंदील निरभ्र आकाशाखाली टांगतात, त्या वेळी आपण पणत्या ओसरीच्या आत घेत असतो.

दोन पावसांचा हा भेद ध्यानात आला की बाकीच्या गोष्टी आपापल्या जागी बसतात. ऐप्पसिच्या आगेमागे शेपटी हालवीत परीट पक्षी वाळूवर उतरतो. मार्गळि महिन्यात दहिवराने पायरी ओली असते आणि पैलतीर धुक्यात दिसेनासे होते. तै महिन्यात सांबा भाताची कापणी होऊन वाऱ्याला पेंढ्याचा वास येतो. धरण मिटल्यावर पाणी हळूहळू खाली सरकते, वाळवंट उघडे पडते, पाडव्याच्या सुमारास कडुनिंब मोहरतो, आणि चित्तिरैच्या उन्हात, नदी पार आटलेली असताना, बहावा, ज्याला येथे कोन्रै म्हणतात, पिवळ्याधमक घोसांनी लगडतो.

नोंदी कशा ठेवाव्यात याविषयी माझा आग्रह आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली, आणि त्यांच्या दरबारचे कारकून रोजचा व्यवहार मोडीत उतरवीत, त्याचे रुमाल सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. तसे दप्तर तूही ठेव. प्रत्येक पानावर तीन रकाने आख: पाहिले, ऐकले आणि अनुमान. पहिल्या रकान्यात डोळ्यांनी साक्ष दिली तेवढेच लिही. शेतकऱ्याने किंवा परटाने सांगितले ते, सांगणाऱ्याच्या उल्लेखासह, दुसऱ्यात घाल. स्वतःचा तर्क तिसऱ्यात ठेव आणि तो पहिल्यात कधीही सरकू देऊ नकोस, कारण माझी ती जुनी नोंद नेमकी तेथेच चुकली होती. ज्या दिवशी नवे काही दिसले नाही, त्या दिवशी ‘नवे काही नाही’ असे तारखेसह लिही. परीट पक्षी कोणत्या दिवशी आला हे तोच सांगू शकतो, ज्याने आदल्या दिवशी तो नसल्याची नोंद केलेली असते. आणि एका वर्षावरून सिद्धांत बांधू नकोस; निदान तीन वर्षे त्याच पायरीवर बस.

ऐप्पसिचा पहिला पाऊस कोसळण्यापूर्वी ये. आल्या दिवशी सामान सोडण्याआधी घाटावर जा, पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोज, आणि तो आकडा ओसरीवर मला येऊन सांग. माझ्या वहीचे पुढचे पान त्यासाठी कोरे ठेवले आहे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा