दुखऱ्या पायाने खेळणारे

हा लेख सहावी ते आठवीच्या मुलांना वर्गात वाचून दाखवता येईल. शिक्षक बंधू-भगिनींनीही वाचावा, कारण यात एक चूक सांगितली आहे ती शिक्षकाची आहे. माझीच.

आधी गोष्ट जकार्ताची. 4 सप्टेंबर 1962. एशियन गेम्समधला फुटबॉलचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. स्टेडियममध्ये जवळपास एक लाख लोक आणि त्यातले बहुतेक भारताच्या विरोधात ओरडणारे. आपला संघ मात्र अर्धा दवाखान्यातून उठून आल्यासारखा होता. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला थायलंडविरुद्धच्या सामन्यात मार लागला होता, सहा टाके पडले होते. गोलकीपर पीटर थंगराज तापातून उठले होते. आणि त्रिलोक सिंग यांच्या पायाच्या बोटाला जखम होती.

डोक्यावर टाके असलेला माणूस बचावाला कसा उभा करायचा? प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी वेगळीच युक्ती केली. जर्नेल सिंगना त्यांनी मागून काढून पुढे, गोल मारायला पाठवलं. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला आणि अंतिम सामन्यातही केला. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा जर्नेल यांचा. भारत 2-1 ने जिंकला. त्यानंतर आजपर्यंत एशियन गेम्समध्ये फुटबॉलचं सुवर्णपदक आपल्याला मिळालेलं नाही. रहीम सर स्वतः त्या वेळी कॅन्सरने आजारी होते. पुढच्याच वर्षी, 1963 मध्ये ते गेले.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा पोरांचे डोळे मोठे होतात. विशेषतः त्या पायाच्या बोटाच्या जागी. कारण बोटाला लागलं की कसं वाटतं हे आमच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. दगडाला ठेच लागून नख उलटलेलं असताना पुन्हा त्याच बोटाला बॉल लागला तर काय होतं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

अनवाणी पायांचाही आपल्या फुटबॉलशी जुना संबंध आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू बूट न घालता खेळले. कोणी पायाला पट्ट्या गुंडाळल्या होत्या, कोणी तेवढंही नाही. फ्रान्सकडून आपण 2-1 ने हरलो, पण दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर काय झालं असतं याची चर्चा जुने लोक अजून करतात. चार वर्षांनी 1952 मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असं हरवलं आणि मग बूट घालणं सक्तीचं झालं. म्हणजे अनवाणी खेळण्याचं कौतुक आहेच, पण त्याची किंमतही मोजली गेली आहे.

आता आमच्याकडे या.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या खेड्यांत कबड्डी आणि खो-खो आधीपासून आहेत. फुटबॉल शाळाशाळांत खऱ्या अर्थाने पोचला तो 2017 मध्ये. त्या वर्षी भारतात 17 वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप होता आणि त्यानिमित्त 15 सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम सरकारने घेतला. बॉल आले. मैदान कुठून आणणार? दिवाळीनंतर धान कापून झालं की आमची पोरं बांधीत खेळतात. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, जमीन सपाट आणि टणक. फक्त धुऱ्यावर तूर लावलेली असते. ती कापली की मागे धसकटं राहतात, खिळ्यासारखी टोकदार. बॉल धुऱ्यापलीकडे गेला की चपला न घालता तो आणायला धावणारं पोरगं त्यावरून जातं.

बूट फार कमी जणांकडे आहेत. ज्याच्याकडे एकच जोड आहे तो ती लग्नाला जपून ठेवतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत केंद्राच्या क्रीडा संमेलनासाठी आमची तयारी चालली होती. सातवीतला एक मुलगा आमचा सगळ्यात चांगला खेळाडू. दोन दिवस तो टाच टेकवत नाही, बोटांवर चालतो, हे मला दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, "काई नाई जी सर, थोडंसं रुतलं." मीही सोडून दिलं. सामन्याच्या दिवशी तो पूर्ण वेळ खेळला. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी त्याला समोर उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि जकार्ताची हीच गोष्ट सांगून म्हटलं, पाहा, हा आपला त्रिलोक सिंग!

चौथ्या दिवशी तो शाळेत आला नाही. घरी गेलो तर पाय सुजून लाल झालेला, अंगात ताप. तुरीच्या धसकटाचा तुकडा तळपायात आत राहिला होता. घरच्यांनी बिब्बा तापवून लावला होता, तसा तो सगळेच लावतात. त्याने वरची कातडी जळली आणि आतला पू आतच राहिला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे ग्रामीण रुग्णालयात न्यावं लागलं, चिरा देऊन तुकडा काढला. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर मिळालं. पाय वाचला, पण पुढचा दीड महिना पोरगं लंगडत होतं.

त्याची आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. पोराने मात्र विचारलं, "सर, आता मले खेळू द्यान ना जी?" त्याला पायापेक्षा त्याची भीती होती. तेव्हा मला समजलं की तो माझ्यापासून का लपवत होता. दुखतंय म्हटलं तर संघातून काढतील आणि लपवलं तर टाळ्या मिळतील, हे गणित मीच त्याला शिकवलं होतं.

त्यानंतर मी ही गोष्ट वर्गात सांगायची पद्धत बदलली. ती कशी, ते खाली देतो.

पहिला प्रश्न मी मुलांना विचारतो: दुखणं कशासाठी असतं? बहुतेक उत्तर येतं, "त्रास द्यायला." मग मी त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या वरोड्याला नेतो. बाबा आमट्यांचं आनंदवन सगळ्यांना ऐकून माहीत असतं. कुष्ठरोग्यांची सेवा म्हणजे काय हे मात्र नीट माहीत नसतं. कुष्ठरोगात हातापायाची बोटं झडतात असं गावात म्हणतात. खरं तसं नाही. या रोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात आणि त्या भागातली संवेदना जाते. काटा रुतला, चटका बसला, चप्पल घासून फोड आला, तरी कळत नाही. माणूस त्याच पायावर दिवसभर चालतो. जखम वाढते, पिकते, हाडापर्यंत जाते. बोटं जातात ती अशी. वेल्लोरला काम करणारे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी हे अनेक रुग्णांचे हातपाय तपासून दाखवून दिलं. म्हणून अशा रुग्णांना मऊ रबराच्या खास चपला देतात आणि रोज संध्याकाळी स्वतःचे तळपाय डोळ्यांनी पाहायला शिकवतात. जे काम दुखण्याने करायचं ते डोळ्यांनी करावं लागतं.

ब्रँड यांचाच एक प्रसंग मुलांना फार आवडतो. एकदा लांबच्या प्रवासानंतर रात्री मोजे काढताना त्यांना वाटलं, आपल्या टाचेला काही जाणवतच नाहीये. टाचणी टोचून पाहिली, तरी नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला असं समजून रात्रभर झोप नाही. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि ते ओरडले. दुखलं! प्रवासात बसून बसून नस दबली होती, एवढंच. दुखल्याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

(कुष्ठरोग आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अजून सापडतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर आशाताईंना दाखवा. औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. विषय निघाला म्हणून सांगितलं.)

एवढं झालं की पुन्हा फुटबॉलकडे येतो. आता मुलं वेगळ्या नजरेने ऐकतात.

अर्जेंटिनाचा गॅब्रिएल बतिस्तुता. नव्वदच्या दशकातला जबरदस्त गोल करणारा खेळाडू. घोटे दुखत असतानाही इंजेक्शनं घेऊन तो खेळत राहिला. 2005 मध्ये निवृत्त झाला आणि त्यानंतर घोटे इतके दुखू लागले की उभं राहता येईना. शेवटी त्याने डॉक्टरांना सांगितलं, माझे पाय कापून टाका. हे त्याने 2014 मध्ये स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं. डॉक्टरांनी अर्थात कापले नाहीत, पुढे शस्त्रक्रिया करून त्याचा त्रास कमी केला. इथे वर्गात नेहमी शांतता होते.

इंजेक्शनने पाय बरा होत नाही, फक्त दुखण्याचं तोंड बंद होतं. पहारा देणाऱ्या कुत्र्याला झोपेचं औषध द्यायचं आणि मग म्हणायचं, आज कुत्रं भुंकलं नाही म्हणजे चोर आला नाही, तसं हे आहे.

ब्राझीलच्या नेमारचं उदाहरण पायाच्या हाडाचं आहे. आपल्या एका पायात 26 हाडं असतात. बोटांच्या मागे तळपायात पाच लांब हाडं, त्यातलं करंगळीच्या बाजूचं पाचवं. फेब्रुवारी 2018 मध्ये नेमारचं ते हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, वर्ल्ड कपला तो खेळला. जानेवारी 2019 मध्ये त्याच पायाच्या त्याच हाडाला पुन्हा इजा. त्या हाडाच्या एका भागाला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ते हळू जुळतं. त्यात फुटबॉलपटूचं सगळं वजन वळताना त्याच कडेवर येतं. खेळाडू किती धीट आहे याच्याशी हाड जुळण्याचा काही संबंध नाही.

मग सहन करून खेळणारे सगळे चुकीचे का? नाही. 2025 च्या जुलैमध्ये महिलांच्या युरो स्पर्धेत इंग्लंडची ल्युसी ब्राँझ नडगीचं हाड चिरलेलं असताना पूर्ण स्पर्धा खेळली आणि संघ जिंकल्यावर तिने ते सगळ्यांना सांगितलं. पण तिच्या प्रशिक्षकांना तिचा त्रास माहीत होता. जोखीम कळत होती, वय तेहतीस होतं, निर्णय तिचा होता. आमच्या सातवीतल्या पोराकडे यातलं काहीच नव्हतं. आत काय रुतलंय हे त्याला माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

1962 च्या खेळाडूंबद्दल आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी लागते. त्या काळात आजच्यासारखे बदली खेळाडू नव्हते. वर्ल्ड कपमध्ये खेळाडू बदलायची मुभा 1970 मध्ये पहिल्यांदा मिळाली. त्याआधी कोणी जखमी होऊन बाहेर गेला की संघ दहा जणांवर यायचा. म्हणून लोक लंगडत का होईना, मैदानात उभे राहायचे. आज पाच खेळाडू बदलता येतात. दुखऱ्या पायाचा खेळाडू उतरवून ताजा घेणं हा आता खेळाचाच भाग आहे, त्यात कोणाची लाज नाही. सुवर्णपदकाच्या त्या संघात गोव्याच्या कोलवाळचे, मुंबईत वाढलेले फोर्तुनातो फ्रँको होते. मुंबईच्या टाटा संघाकडून ते खेळायचे. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ लवकर थांबला. धाडसाची त्यांना काही कमी नव्हती.

आता कामाचं. पोराला काय लागलंय हे आपण शिक्षक ओळखू शकत नाही, पण कधी थांबवायचं हे ओळखू शकतो. पाय किंवा घोटा मुरगळला तर डॉक्टर पाहतात की लागल्यावर लगेच आणि नंतरही त्या पायावर वजन देऊन चार पावलं टाकता येतात का. नाही टाकता आली, किंवा घोट्याच्या हाडावर, करंगळीकडच्या हाडावर बोट दाबल्यावर नेमकं तिथेच कळ आली, तर एक्स-रे काढतात. आपण एवढं बघून दवाखान्यात पाठवावं. गावात मुरगळलेला पाय आधी चोळायला नेतात. हाड मोडलेलं असेल तर चोळण्याने ते आणखी सरकतं, हे पालकसभेत मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी आजी माझ्याशी भांडते. सूज, लाली, ताप, पू यातलं काही असेल तर खेळ बंद. पावसाळ्यात रोवणीला जाणाऱ्या पोरांच्या बोटांत चिखल्या होतात, त्याही बघाव्यात. साधं खरचटलं, अंग दुखलं, पायात गोळे आले, तर मात्र पोरांना खेळू द्या. तेवढं दुखणं ती आपल्यापेक्षा चांगलं सांभाळतात.

आमच्या शाळेत आता दर शनिवारी खेळाच्या तासाआधी सगळे गोल बसतात आणि जोडीदाराचे तळपाय बघतात. काही सापडलं की सांगायचं. सांगणाऱ्याला संघातून काढायचं नाही, त्या दिवशी तो पंच होतो, शिट्टी त्याच्याकडे. ही शिट्टीची अट मी घातली नाही, मुलांनीच घातली. पहिल्या महिन्यात निम्मी पोरं शिट्टीसाठीच पाय दाखवत होती, खोटं खोटं. चालतं. त्यातल्या एकीच्या टाचेत खरंच बाभळीचा काटा निघाला.

तो मुलगा आता दुसऱ्या गावच्या हायस्कुलात आहे आणि खेळतो. मागच्या महिन्यात बाजारात भेटला. पायात बूट होते, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. म्हणाला, "सर, दाखवू का पाय?"